गाडीनंच जाऊ

आमच्याकडे गाडी आली आणि आईचं माहेर लांब गेलं. ऐकायला उलटं वाटेल, पण घडलं तसंच.

गाडी म्हणजे जुनी, उंच, पत्र्याच्या टपाची जीप. वडशात बाबांचा धानाचा छोटा धंदा होता आणि आसपासच्या खेड्यांचे रस्ते त्यांना पाठ होते, म्हणून त्यांनी ती सेकंडहँड घेतली. गिअरशेजारी आणखी एक आखूड दांडा होता. तो ओढला की चारही चाकं जोर लावत. घरी आलेल्या पाहुण्याला बाबा आधी तो दांडा दाखवत, मग चहाचं विचारत.

घरची गाडी म्हणे! आमच्याकडे ती झोपायला तेवढी येई. सकाळी धानाची पोती, दुपारी शेजारीण बाळंतपणासाठी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात, हिवाळ्यात नाटकवाल्यांचे पडदे अन् पेट्या टपावर. लग्नसराईत तर विचारायलाच नको. एखादा रविवार उरला तर बाबा आम्हा पोरांना, भांड्यांना आणि सरपणाला एकत्र कोंबून वैनगंगेच्या रेतीत न्यायचे आणि वांग्याची भाजी नदीकाठी शिजायची. मागच्या सीटला धानाच्या कोंड्याचा वास येई. मला तो अजूनही आवडतो.

राहिली ती आई. तिचं माहेर कुरखेड्याकडच्या जंगलातलं एक खेडं. गाडी येण्याआधी ती दर हिवाळ्यात शंकरपटाला तिथे जायची. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पटाला लेकीबाळी माहेरी येतात, ही आमच्याकडची रीत. आई यष्टीनं फाट्यापर्यंत जाई आणि पुढे थैली डोक्यावर घेऊन जंगलातून पायी. आता बाबा म्हणू लागले, "एवढी गाडी असून यष्टीनं कायले जातेस? गाडीनंच जाऊ." तिलाही ते हवंच होतं. "भावाच्या दारात गाडी उभी कराची हाय मले," असं ती साऱ्या मोहल्ल्याला सांगून बसली होती. पण पट आला की गाडी नेमकी दुसऱ्याच्या कामावर. असे दोन पट गेले.

मग बाजारात कुणीतरी मामाचा निरोप दिला, "बाईले म्हणावं, गाडीवाली झाली. आता आमच्या चिखलात कायले येते!" त्या दिवशी आई जेवली नाही. मामा तिचा धाकटा भाऊ, तिला बाई म्हणणारा, तिच्या कडेवर वाढलेला. तोच रुसला तर तिला माहेर कुठलं उरणार? तिनं बाबांना बजावलं, "या पटाले न्या, नाईतर मी पायी जाईन."

आम्ही निघालो. धान कापून झालं की आमच्याकडे लोक बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधून, आडवे जातात. धुरे, म्हणजे मधले मातीचे बांध, फोडून बैलगाड्यांची वाट पडलेली असते. गाव जवळ आलं तशी बाबांनी गाडी त्या वाटेला घातली.

"तलावाखालची बांधी हाय, ओल राह्यते तिथी," आई म्हणाली.

"चारही चाकं ओढतात," बाबा म्हणाले, आणि चारही चाकं एकदमच रुतली. आखूड दांडा ओढून झाला, शिव्या देऊन झाल्या. गाडी पोटावर बसली ती बसलीच.

समोरच्या पटावरून लोक आमच्याकडे बघत होते, पण येईना कुणी. त्या भागात जीप म्हणजे सरकारी, आणि तिच्यापासून लांब राहावं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळे. आईनं चपला गाडीतच सोडल्या, लुगडं वर खोचलं आणि धुऱ्यावर चढून हाक मारली, "बाबूऽऽ! अरे बाबूऽऽ!"

पांढऱ्या मिशांचा तो बाबू, म्हणजे मामा, आपली जोडी घेऊन नंबराची वाट पाहत उभा होता. त्यानं ती हाक ओळखली आणि रंगवलेल्या शिंगांचे बैल तसेच हाकत धावत सुटला. मागून लोक ओरडले, "अरे, पटाचे बैल गाळात कायले नेतोस?" त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मले वाटलं फारेस्टवाले हायत," मामा धापा टाकत म्हणाला. मग त्याचा आवाजच बदलला. "काऊन नाई आली वं बाई इतके दिवस?"

"गाडीची वाट पाहून राह्यली होती रे," आई म्हणाली. दोघंही रडली. मीही रडले, मला रडायला कारण लागत नाही.

बैलांनी गाडी ओढून काढली, पण पोटापर्यंत चिखलानं भरलेली जोडी पटावर कशी उतरणार? नंबर गेला. बाबा ओशाळून म्हणाले, "आमच्यापायी तुमचा पट गेला." मामा हसला. "पट पुढच्या सालीबी हाय, भाऊजी. बाई आली न!"

बाबांनी गाडी पुसून मामाच्या दारात नीट उभी केली आणि हॉर्न वाजवला. आई बाहेर आलीच नाही. ती चुलीपाशी मामीच्या ताटात जेवत बसली होती.

पुढच्या पटाला गाडी चक्क मोकळी होती. बाबांनी आदल्या दिवशीच डिझेल भरून ठेवलं. "गाडीनंच जाऊ," ते म्हणाले.

"तुम्ही या मागून, गाडी घेऊन," आई म्हणाली, आणि थैली डोक्यावर घेऊन यष्टीकडे निघाली.