कारभारीची चुकांची वही

कारभारी गेला, त्याला आता महिना होऊन गेला. बातमी आली तेव्हा मी वर्गात फळ्यावर त्रैराशिक मांडत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, सायखेड्याचं कुणी भेटायला आलंय. मला वाटलं, कारभारीच असेल. नाशकात बाजाराला आला की तो शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा, आत यायला लाजायचा. हातातला खडू तसाच घेऊन मी बाहेर गेलो. फाटकाशी त्याचा चुलतभाऊ उभा होता, डोक्याचा पटका हातात घेऊन. "मास्तर, कारभारी गेला," तो म्हणाला. "मुदतीचा ताप व्हता. परवा दहावा हाय. काकानं तुमाला निरोप द्याया सांगितलंय." पुढे तो आणखी काही बोलला, ते माझ्या ध्यानात राहिलेलं नाही. मी वर्गात परत आलो, अर्धवट मांडलेलं गणित पुसलं आणि मुलांना वाचन करायला सांगितलं.

आम्ही दोघे एका वर्गात होतो, इंग्रजी तिसरीत. एकतीस-बत्तीस सालची गोष्ट. माझे वडील कोर्टात कारकून, आमचं बिऱ्हाड नाशिक गावात. आणि कारभारी सायखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, पंचवटीत मावशीकडे राहून शिकणारा. मावशीची एक म्हैस होती, तिच्या दुधावर घर चालायचं. कारभारी हे नाव आमच्याकडच्या खेड्यांत घरोघर आहे, पण शहरी पोरांना त्याचं फार हसू यायचं. "काय कारभारी, राज्याचं कसं काय चाललंय?" असं रोज कुणी ना कुणी विचारायचंच. तो शांतपणे सांगायचा, "बरं चाललंय." त्याला चिडवण्यात मीही मागे नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

मी हुशार समजला जायचो. एकदा वाचलं की माझ्या लक्षात राहायचं, आणि तेवढ्याच जोरावर मी वर्षानुवर्षं काहीही न करता वर चढत आलो होतो. कारभारीचं उलट होतं. इंग्रजी दुसरीच्या पहिल्या सहामाहीत तो शेवटून चौथा आला. दुसऱ्या सहामाहीत मधे कुठेतरी. तिसरीच्या वर्षी माझ्या शेजारी येऊन बसला आणि मग गणितात माझ्या पुढे गेला. हे कसं झालं, हे मला कळेना. शेवटी न राहवून एका सकाळी मी गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून त्याच्या मावशीच्या घरी गेलो, तर हा गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून तिला हिंदुस्थानातल्या नद्या समजावून देत होता. पुस्तक मिटलेलं, बोट पानात घातलेलं. अडलं की पुस्तक उघडायचा, पाहायचा, पुन्हा मिटायचा आणि अडलेल्या जागेपासून नव्हे, पहिल्यापासून सुरुवात करायचा. मी पोट धरधरून हसलो. भूगोल येणारी अख्ख्या नाशकात हीच एक म्हैस असेल, म्हणालो. त्यालाही हसू आलं. म्हणाला, "वाचताना समदं आल्यावानी वाटतं रे इष्णू. पुस्तक मिटलं की कळतं, काय आलं नाय ते."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी तिकडे जाऊ लागलो. जो विषय नावडता, तोच कारभारी आधी घ्यायचा, आवडता मागे ठेवायचा. "गोड शेवटी खावं," म्हणायचा. शाळेतून आला की हातपाय धुऊन आधी त्या दिवशीचं त्याच दिवशी एकदा लिहून काढायचा, मगच खेळायला. पण त्याची खरी रीत होती ती गणिताची. गणित सुटलं की तो वही मिटायचा, अंगणातल्या निंबाला सावकाश एक फेरी मारून यायचा आणि मग वही उघडून, जणू कुणा परक्याची आहे अशा संशयानं, एकेक पायरी पाहायचा. सगळं बरोबर निघालं की पानाच्या तळाशी लिहायचा: तपासलं. चुकलेलं निघालं की दप्तरातून एक वेगळी वही काढायचा. जाड्या खाकी पुठ्ठ्याची, दोन रकाने आखलेली. एका रकान्यात, काय चुकलं. दुसऱ्यात, कशानं चुकलं. पहिला रकाना भरायला त्याला वेळ लागत नसे. दुसऱ्यासाठी मात्र तो टाक दौतीत बुडवून कितीतरी वेळ बसायचा. एकदा त्यात त्यानं लिहिलं होतं, 'भूक लागली होती म्हणून नाही. येतं असं वाटलं म्हणून.' मी म्हटलं, माझ्या काही चुका लिही की त्यात, वही लवकर भरेल. तो म्हणाला, "नाय. दुसऱ्याची चूक या वहीत लिवायची नाय."

मी त्याच्याकडे जायचो ते अभ्यास करायला असं घरी सांगायचो. खरं म्हणजे मी जायचो घरचा अभ्यास उतरवून घ्यायला. तो वही देताना कधी बोलला नाही, मला कधी लाज वाटली नाही. एक पथ्य मात्र तो पाळायचा. निंबाची फेरी झाल्याशिवाय आणि 'तपासलं' लिहिल्याशिवाय वही माझ्या हाती द्यायचा नाही.

त्या वर्षी शाळेतर्फे एकाच मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं होतं. गणिताच्या सरांनी कारभारीचं नाव जवळजवळ नक्की केलं होतं. कारभारीचे वडील, पुंजाबा, एकदा बाजाराच्या दिवशी येऊन माझ्यासमोरच त्याला म्हणाले होते, "शिष्यवर्ती गावली तर फुडं शीक, पोरा. नाय गावली तर औताला दुसरा गडी हवाच हाय मला." त्यात रागही नव्हता आणि जुलूमही नव्हता. घरात जे होतं ते त्यांनी सांगितलं. कारभारीनं मान डोलावली. तेव्हा काय पणाला लागलं होतं, हे आम्हां दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

चैत्रातली एकादशी होती, रामाच्या रथाचा दिवस. पंचवटीत सकाळपासून माणूस मावत नव्हतं. सरांनी दुसऱ्या दिवशीसाठी गणितं दिली होती. मी दुपारीच कारभारीकडे गेलो. त्याचं शेवटचं गणित चाललं होतं. एक विहीर अठरा मजूर बारा दिवसांत खणतात, तीच नऊ दिवसांत खणायची तर किती मजूर लागतील? उत्तर लिहून त्यानं वही मिटली आणि उठला. मी म्हटलं, "अरे फेरी कसली मारतोस, रथ निघेल! दे इकडे." तो म्हणाला, "एक फेरी... किती वेळ लागतो?" मी त्याच्या हातातून वही ओढूनच घेतली. भराभर उतरवली. पानाच्या तळाशी 'तपासलं' नव्हतं, हे मी पाहिलं होतं. मला ते दिसलं होतं, हे मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही... मग आम्ही रथ पाहायला पळालो, गर्दीत पार चेंगरलो, दोघांचेही सदरे फाटले. तो परत येऊन झोपी गेला असणार, कारण वही त्यानं नंतरही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "साडेतेरा मजूर," ते म्हणाले. "काम लवकर उरकायचं, म्हणून माणसं कमी केली! आणि हा अर्धा माणूस कोण रे? वरचा अर्धा की खालचा?" वर्ग हसून हसून लोळला. व्यस्त त्रैराशिकाच्या जागी सम मांडलेलं होतं, चोविसाच्या जागी साडेतेरा आले होते, आणि चुकीची पायरी न् पायरी दोन्ही वह्यांत सारखी. सर हसायचे थांबले. त्यांनी आम्हां दोघांना उभं केलं आणि विचारलं, "कोणी कोणाचं उतरवलं?"

कारभारी आधी बोलला. "गणित माझ्याकडनं चुकलं, सर," म्हणाला. एवढंच. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा वाटा त्यानं सांगून टाकला होता, उरलेला माझा होता. मला फक्त 'मी उतरवलं' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी बाकावरच्या कोरलेल्या अक्षरांकडे बघत राहिलो. सरांनी थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं, माझ्या पहिल्यापासूनच्या नंबराकडे पाहिलं, माझ्या वडिलांच्या कोर्टातल्या नोकरीकडेही पाहिलं असेल, आणि त्यांचा निकाल ठरला. "खाली बस, विष्णू," ते मला म्हणाले. मी बसलो. कारभारीला म्हणाले, "उतरवून वर आलेला मुलगा मी परीक्षेला पाठवणार नाही." त्याचं नाव खोडून त्यांनी तिथे माझं लिहिलं.

मी परीक्षेला बसलो आणि मला शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांनी पेढे वाटले. कारभारी वार्षिक परीक्षेनंतर सायखेड्याला गेला तो परत आला नाही. जायच्या दिवशी त्यानं मला पुलाशी गाठलं. मला वाटलं, आता बोलेल. पण त्यानं व्यस्त त्रैराशिक कसं ओळखायचं ते मला पुन्हा एकदा समजावून दिलं, तुला शिष्यवृत्तीच्या परीक्षेत येईल म्हणून, आणि गाडीत बसून गेला.

पुढे आमच्या गाठीभेटी होत राहिल्या. मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो. तो शेती करायचा आणि दिवस मावळायच्या आधी तासभर गावातली पोरं गोळा करून त्यांचा अभ्यास घ्यायचा. मी एकदा पाहायला गेलो होतो. घाटाच्या पायरीवर पंधरा-वीस पोरं पुस्तकं मिटून एकमेकांना धडे सांगत बसली होती, आणि मधूनच एखादं उठून पारावरच्या पिंपळाला फेरी मारून येत होतं. मी हसलो. तो म्हणाला, "गावाला म्हशी लय हायेत, पण त्या ऐकत नाय." त्या संध्याकाळी मी त्याला सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, यंदा कांदा बरा आला आहे, थोडा घेऊन जा, आणि मी कांदा घेऊन परत आलो. माणूस चोवीस-पंचवीस वर्षांचा असला की वाटतं, पुढच्या खेपेला बोलू.

दहाव्याला गोदेकाठी सगळं गाव लोटलं होतं. विधी आटोपल्यावर पुंजाबा मला घरी घेऊन गेले. कोनाड्यातून त्यांनी ती खाकी वही काढली. "मास्तर, ह्या वहीला तो कुनाला हात लावू द्यायचा नाय. मला तर वाचता येत नाय. यवढं काय लिवलंय त्यानं, ते वाचून दाखवा." मी खाली बसलो. वही मांडीवर उघडली. त्या चैत्रातल्या पानावर काय असेल ते मला अकरा वर्षं जाणून घ्यायचंही होतं आणि घ्यायचं नव्हतंही. मी पहिल्यापासून वाचत गेलो. शुद्धलेखनाच्या चुका, गुणाकाराच्या चुका, पुंजाबा प्रत्येक ओळीला मान हलवत होते, जणू पोराचं पत्र आलंय. मग ते पान आलं. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं: 'लवकर काम म्हणजे माणसं जास्त. मी कमी केली.' आणि दुसऱ्या रकान्यात: 'फेरी न मारता वही दिली. त्यामुळे दोघांचं चुकलं.'

माझं नाव कुठेच नव्हतं. माझ्यावर एक अक्षर नव्हतं. मी ते वाचून पुढच्या ओळीवर जाऊ लागलो, तर पुंजाबांनी थांबवलं.

"दोघांचं म्हंजी? दुसरा कोन?"

तेव्हा मी सांगितलं. रथ, ओढून घेतलेली वही, साडेतेरा मजूर, सरांचा प्रश्न, माझं बसून राहणं, सगळं. सांगताना मला रडू आलं, आणि रडण्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत राहिलं.  पुंजाबांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मंग त्या दिशी तुमी तुमच्या वहीत काय लिवलं?"

"मी अशी वही ठेवत नव्हतो, पुंजाबा."

"मंग ठेवा आता," म्हणाले, आणि कारभारीची वही माझ्या हातातून घेऊन त्यांनी परत कोनाड्यात ठेवली.

नाशकात आल्यावर मी एक वही विकत घेतली आणि दोन रकाने आखले. पहिल्यात लिहिलं: 'सरांनी विचारलं तेव्हा मी बसून राहिलो.' दुसऱ्यात लिहिलं: 'भीतीनं.' मग वही मिटली. आमच्या अंगणात निंब नाही, एक पेरूचं झाड आहे. त्याला सावकाश फेरी मारली, आत येऊन वही उघडली आणि कुणा परक्याची असल्यासारखी पाहिली. बरोबर नव्हतं. तो शब्द मी खोडला आणि पुढे लिहिलं: 'शिष्यवृत्ती मला हवी होती.' पुन्हा एक फेरी मारून आलो, पुन्हा वाचलं, आणि पानाच्या तळाशी लिहिलं: तपासलं.