पावडरीचा डबा
मावशी रागावल्या की आधी पंखा लावायच्या, मग बोलायच्या. शेलूच्या आमच्या नव्या सोसायटीत त्या माझ्या मुलीला न्हाऊ घालायला गावातून चालत यायच्या. आल्या आल्या त्यांचा पहिला राग निघायचा तो मुलीच्या टोपीवर. "भर वैशाखात पोरीला शिजवतंस काय गं?" म्हणत टोपी, मोजे, दुपटं सगळं भिरकावून द्यायच्या.

त्याच वैशाखात मुलीच्या मानेच्या वळ्यांत घामोळं उठलं. मावशींनी तेल बंद केलं, साबणही बंद केला. साधं पाणी आणि जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, तोही पुसायला नाही, फक्त टिपायला. एकेका वळीवर त्या इतका वेळ टिपत बसायच्या की मीच कंटाळायचे. पू दिसला किंवा ताप आला तर सरळ डॉक्टरकडे जायचं, हेही त्यांनीच दरडावून सांगितलं होतं. पावडरीचा डबा मात्र त्यांनी कपाटावर फेकला. "घामात पावडर म्हंजे कणीक. पोरीच्या गळ्यात मळू नको."

त्या गेल्या की मी स्टुलावर चढून डबा काढायचे. संध्याकाळी खाली बागेत सगळ्यांची बाळं घमघमायची, माझंच बाळ कसं बिनवासाचं न्यायचं? घामोळं लालभडक झालं. बागेतल्या एकीनं निकाल दिला, गावच्या बाईचे हात, दुसरं काय. मी डब्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्यावरून वॉचमननं मावशींना गेटवरच अडवलं आणि मी गॅलरीतून बघत राहिले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच दिवशी मी डबा कचऱ्यात टाकला. वळ्या नुसत्या कोरड्या ठेवल्या, तर आठवड्याभरात घामोळं बसलं. मग मुलीला घेऊन मावशींच्या घरी गेले. त्या ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मुलीची हनुवटी उचलून आधी एकेक वळी तपासली. मी कबूल केलं की पावडर मीच लावत होते.

"म्हाईत हाय. रोज सकाळी वळीतून मीच काढत व्हते."

मग गेटवर तसं सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी कशाला सांगू? तुमी वर हुब्या व्हत्या ना. तुमाला तोंड नव्हतं?"