उसनी फोडणी

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली असतील. भोकरदनजवळच्या एका खेड्यात मी नुकती लग्न होऊन आले होते... आणि आमच्या भिंतीला भिंत लागून काशाबाईचं घर होतं.

काशाबाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी माहेरच्या आठवणीनं रडत बसले की भिंतीच्या पडक्या भागातून ताकाचा तांब्या पुढं करायची. तिला दोन लेकरं... सात वर्षांचा रामा आणि रांगणारी सखू.

चैत्र लागला आणि रामाच्या अंगावर देवी उठल्या. त्या काळी हा आजार आहे असं कोणी म्हणत नसे, आईसाहेब पाहुण्या आल्या असं म्हणत. दाराला लिंबाचा पाला, पायात वहाण नाही, आणि चुलीवर फोडणी बंद... घरात तेल तडतडलं की आईचा कोप होतो म्हणायचे. बाहेर तर कुठं बोलायचंच नाही.

बोललं की देवीडाक्टर येणार. डाक्टर कसला, सायकलला लाकडी पेटी बांधून फिरणारा सरकारी टोचणारा माणूस. पण आई घरात असताना लेकराच्या अंगाला सुई लावली तर ती रागावेल, या धास्तीनं लोक त्याला वाघासारखे भ्यायचे.

विचारून कोणी सांगत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पालाही लोक दारावरून काढून आत टांगायला लागले होते. मग त्यानं एक युक्ती काढली... सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला सायकल हातात धरून गल्लीतून नुसता चालायचा, आणि ज्या घरातून फोडणीचा वास नाही तिथं थांबायचा. शेजारच्या गावात तीन घरं त्यानं अशीच हुडकली होती.

तो आमच्या गावात आल्याचं विहिरीवर कळलं. काशाबाई तशीच रिकामी घागर घेऊन माझ्या दारात आली.

"शांते, त्यो मुडदा वास घेत फिरून राह्यला. माझ्या चुलीवर दोन दिस झाले, तेलाचा थेंब न्हाई."

"मंग आता?"

"तुझी फोडणी दे की उसनी."

"मीठ-मिरची उसनी मागतात बाई. फोडणी मागणारी तू पहिलीच," मी म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू... त्या घटकेलाही आम्ही दोघी हसलो.

मी लोखंडी पळीत करडईचं तेल तापवलं, मोहरी-लसूण टाकला आणि तीच पळी पडक्या भिंतीवरून तिच्या अंगणाकडं धरली. तेल माझ्या चुलीवर तडतडलं, वास तिच्या दारात. आईचाही मान राहिला आणि डाक्टरचंही समाधान झालं.

तो तिच्या दारापाशी थांबला. "लेकरं बराबर हायती ना बाई?"

"बिलकुल. भाजीच टाकून राह्यले."

सखू उंबऱ्याशी खेळत होती. तिच्या दंडावर टोचल्याचा वण नाही हे बघून तो म्हणाला, हिला अजून देवी काढल्या न्हाईत. काशाबाई म्हणाली, दात येऊन राह्यलेत, पुढच्या खेपेला काढा. तो गेला... आणि आम्हाला जग जिंकल्यासारखं वाटलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. रामा बरा झाला, तोंडावर वण तेवढे राहिले. पण दहा-बारा दिवसांनी सखूला ताप भरला. एवढंसं अंग ते... देवींना जागा पुरली नाही. आठवड्यात ती गेली.

ती गेल्याचं कळून देवीडाक्टर पुन्हा आला. या वेळी वास घेत फिरला नाही. माझ्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "त्या दिशी त्या घरातून फोडणीचा वास आल्ता मला."

मला राहवलं नाही. सांगून टाकलं... ती माझ्या चुलीवरची होती.

वाटलं, आता शिव्या देईल. पण त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "त्याच दिशी कळलं असतं तर तिथंच पोरीला काढल्या असत्या. पुष्कळ लेकरं निभावतात तशी." उपरण्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आता कोणाकडं फोडणी बंद हाय?"

मी समोरच्या आळीतल्या गयाबाईच्या घराकडं बोट दाखवलं. दिवस मावळायच्या आत त्या आळीतल्या सगळ्या लेकरांच्या दंडावर देवी काढल्या गेल्या... त्यातलं एकही लेकरू दगावलं नाही. गयाबाई मात्र पुढं कित्येक वर्षं विहिरीवर मला टोमणा मारायची, "सांग बाई, आज माझ्या भाजीत मीठ किती?"

आता माझी नात आरोग्य केंद्रात कामाला आहे. घरोघरचा ताप-जुलाब ती त्याच दिवशी मोबाईलमध्ये भरते, कुठल्या गावात आजारी माणसं वाढली की संध्याकाळपर्यंत वरच्या ऑफिसात कळतं म्हणे. ऐकून फार बरं वाटतं. तिला एवढंच सांगते... बाई, दार उघडणारी खरं बोलली तरच तुझ्या मोबाईलला कळणार. तेव्हा दरडावून विचारू नकोस, आधी घटकाभर बस तिच्याजवळ.

सखूबद्दलचं डाक्टरचं ते बोलणं मी काशाबाईला कधीच सांगितलं नाही. धीर झाला नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, "आईनं दिली, आईनं नेली... पण शांते, त्या दिशी तू माझ्यासाठी धावलीस, ते मी इसरायची न्हाई."

गयाबाईचे टोमणे मी केव्हाच पचवले. काशाबाईनं मानलेले ते उपकार मात्र अजून घशाखाली उतरत नाहीत...