नुजहतचा सर्व्हर

वणीत ट्रकचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या फिरोजभाईंची मुलगी नुजहत पुण्याची नोकरी सोडून आली, ती एक खूळ डोक्यात घेऊनच. ज्याच्या हाती मोबाइल आहे, त्याला आपल्या बांधावरून थेट प्रक्षेपण करता आलं पाहिजे. गॅरेजच्या माळ्यावर बसून तिनं तसं ॲप बनवलं.

२०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. जवळच्या खेड्यातल्या कांताबाई रोज सकाळी ॲपवरून आपलं वावर दाखवू लागल्या. अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल, म्हणजे डोमकळी, तोडायच्या, उघडून आतली अळी दाखवायच्या. पाहणारे दीडशेवर गेले आणि एके दिवशी चित्र गोठलं.

"पोरी, मी बोलूनच राह्यली, अन् लोक म्हणतात दिसत नाही. काहून?"

"मावशी, माझा एकच सर्व्हर सगळ्यांले चित्र वाटून राह्यला. त्याचा दम तुटला."

तिनं दुप्पट ताकदीचा सर्व्हर भाड्यानं घेतला. तोही चारशेवर बसला. जेवताना तिनं हे सांगितलं, तर फिरोजभाई म्हणाले, "बाजाराच्या दिवशी एसटी मोठी गाडी आणते काय? जादा गाडी सोडते."

नुजहतचा घास हातातच राहिला. मोठा नको, पुष्कळ छोटे हवेत! कांताबाईंचं चित्र एकानं घ्यायचं, त्याचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून बाकीच्यांना द्यायचे, प्रेक्षकांना वाटायचं काम त्यांचं. एक भरत आला की पुढचा आपोआप सुरू. ओसरली गर्दी, की बंद. आठ दिवस तिला दुसरं काही सुचलं नाही.

नवव्या दिवशी कांताबाई वावरात उभ्या राहिल्या. तीनशे. सहाशे. तिसरा सर्व्हर उठायला वीस सेकंद लागले, तेवढा वेळ नुजहत एकेक सेकंद मोजत राहिली. चित्र गोठलं नाही. चौथा उठला, पाचवा उठला, मग एकामागून एक उठत गेले, आकडा दोन हजारांवर गेला तेव्हा ती जिन्यावरून धडधडत खाली आली आणि ग्रीस लागलेल्या वडिलांना तसंच मिठी मारून बसली.

वर स्क्रीनवर पांढरकवड्याच्या रामीबाईंचा प्रश्न आला होता. नर पतंगांना वासानं ओढून पकडणारा कामगंध सापळा किती उंच बांधायचा?

"शेंड्याच्या हातभर वर," कांताबाई सांगत होत्या, "अन् बाई, तुह्या वावरातलं तू बी दाखव की."

दुपारपर्यंत रामीबाईंचंही प्रक्षेपण सुरू झालं.