हळूमास्तरांचा उजवा पाय

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आम्ही दोघे ताशी नऊ किलोमीटर वेगाने मृत्यूच्या दिशेने निघालो होतो. मृत्यू फळांच्या दुकानाचं रूप घेऊन समोर उभा होता. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, म्हणजे मी त्याला लोंबकळत होतो. दुकानदार गल्ला बगलेत मारून पळाला. फुटपाथवरच्या एका आजींनी डोळे मिटून घेतले. माझं अख्खं आयुष्य, सातवीच्या भूगोलाच्या पुस्तकासकट, माझ्या डोळ्यांसमोरून सरकून गेलं. शेजारच्या सीटवरचा लहानखुरा गृहस्थ तेवढा आपली नखं निरखत बसला होता. संत्र्यांच्या पहिल्या रांगेपासून दोन वितींवर गाडी थांबली. मी थांबवली नव्हती.

“हळू, राजे,” तो गृहस्थ म्हणाला. “एवढी भूक लागली असेल तर गाडी बाजूला लावावी, पिशवी घ्यावी आणि चालत जावं.”

हे हळूमास्तर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवणारे. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक अशी दोन पेडलं बसवलेली असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरांचा डावा पाय क्लचवर आणि उजवा ब्रेकवर. तिसरं पेडल तिथे नसतं, कारण मास्तरांनी गाडी पळवावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते. त्यांनी फक्त थांबवायची. ‘हळू’ हा शब्द ते अकरा प्रकारे म्हणत, आणि अकराव्या प्रकाराला विद्यार्थी घरी जाऊन झोपत.

मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला गेलो आणि लोक दोन महिन्यांत शिकतात ते सात महिन्यांत शिकलो. एवढ्या काळात माणसाची मैत्रीच होते, दुसरं काय होणार. माझं लायसन्स आलं त्या दिवशी मास्तरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला जेवायला बोलावलं आणि दारातच विचारलं, “चालत आलात ना?”

मास्तरांची स्वतःची गाडी नव्हती, कधीच नव्हती. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचा अर्थ त्याहून उशिरा. या माणसाने चार हजार लोकांना गाडी शिकवली होती, पण ड्रायव्हरच्या सीटवर तो स्वतः शेवटचा कधी बसला होता, ते त्यालाही आठवत नव्हतं.

मग ड्रायव्हिंग शाळेचे जुने मालक निवृत्त झाले आणि त्यांच्या मुलीने कारभार हाती घेतला. मालकीणबाई हुशार आणि घाईच्या. त्यांनी ठरवलं की दोन्ही जुन्या गाड्या महिनाअखेरीला भंगारात जातील आणि यापुढे शाळा इलेक्ट्रिक गाडीवर शिकवेल. गाडी त्यांनी आणलीसुद्धा. शोरूममधली ट्रायलची गाडी होती, लहानशी, पाच दारांची, कच्च्या लिंबाच्या रंगाची, मागे शर्यतीच्या गाडीसारखा पंख असलेली. दिसायला बाळसेदार. पण शून्यावरून शंभरावर साडेसहा सेकंदांत जायची. असली गाडी शिकाऊ लोकांसाठी घेणं म्हणजे बालवाडीत पैलवान नेमण्यासारखं होतं. मालकीणबाईंचं म्हणणं, तिच्यात साधा मोड आहे, तो लावला की ती गायीसारखी चालते.

अडचण वेगळीच होती. वाहन कार्यालयाचा नियम असा की, गिअर नसलेल्या गाडीवर शिकवायचं तर शिक्षकाने आधी स्वतः ती गाडी चालवून परीक्षा द्यायची. ड्रायव्हरच्या सीटवरून, चाळीस मिनिटं, भर रहदारीत. नापास झाला तर पुढची संधी सहा महिन्यांनी. आणि सहा महिने रिकामा शिक्षक ठेवणं शाळेला जमणार नव्हतं. मास्तरांची निवृत्ती चार वर्षांवर होती. शिकवण्याशिवाय त्यांना काही येत नव्हतं, आणि शिकवण्याशिवाय काही नकोही होतं.

“तीन आठवडे आहेत,” ते मला म्हणाले. “सरावाला शेजारी लायसन्सवाला माणूस हवा, अशी मालकीणबाईंची अट आहे. तुम्ही बसा.”

“मी? मास्तर, मला अजून चौकात घाम फुटतो.”

“म्हणून तर. तुम्ही असलात की मला आपण शहाणे आहोत असं वाटतं.”

पहिल्याच सकाळी, तो साधा मोड लावूनच, त्यांनी पेडलवर पाय ठेवला, नेहमीच्या गाडीला ठेवतात तसा, आणि माझं डोकं सीटच्या मागच्या उशीत जाऊन रुतलं. आवाज काही नाही. इंजिनाची गुरगुर नाही, तक्रार नाही, नुसता रस्ता आमच्या अंगावर धावून आला. घाबरून मास्तरांनी पाय उचलला तर गाडीने आपणहूनच करकचून वेग कमी केला आणि आम्ही दोघांनी समोरच्या काचेला वाकून नमस्कार केला. या गाडीत पाय काढला की ती स्वतःच थांबायला लागते, अगदी थांबेपर्यंत. एका पेडलवर सगळा संसार.

दोन दिवस आम्ही नमस्कार करत शहरभर फिरलो. मग मास्तरांना तिची नस सापडली. पाय उचलायचा तो दुधावरची साय काढावी तसा, अलगद. रोजच्या वापराला ती खरोखर गुणी निघाली. बोळात वळवा, चार पावलांच्या जागेत लावा, सिग्नलला पहिलं निघा. खोट काढायची तर स्प्रिंगा फार कडक. गतिरोधक आला की आपल्या पाठीत एकूण किती मणके आहेत ते मोजून मिळायचं. सामानाची जागा दोन पिशव्यांची. आणि ती इतकी गुपचूप यायची की रस्ता ओलांडणारे लोक आम्हाला पाहून भूत पाहिल्यासारखे दचकायचे.

पाचव्या दिवशी आम्ही हमरस्त्याला लागणाऱ्या चढावर गेलो. एकतीस वर्षं मास्तर तिथे शिकवत आले होते की थांबा, मोठी फट मिळेपर्यंत थांबा. त्या दिवशी दोन ट्रकांमध्ये फट आली, त्यांनी पेडल दाबलं आणि आपण कुठे होतो ते मला कळायच्या आत आम्ही दोन्ही ट्रकांच्या पुढे होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा नाकाच्या टोकावर, तोंड किंचित उघडं, बाळाला पहिल्यांदा कुणी हवेत उडवल्यावर होतं तसं.

“राजे,” ते चष्मा वर सरकवत म्हणाले, “मला हे पेडल कुणी दिलंच नव्हतं.”

आठव्या दिवशी ते घडलं. एका बंद पडलेल्या गोदामाच्या मोकळ्या आवारात आम्ही गाडी मागे घेण्याचा सराव संपवून पुढे निघालो होतो. कचऱ्याच्या डब्यामागून कुत्रं आडवं आलं. मास्तर “हळू” म्हणाले, आणि गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी सुटली. कुत्रं वाचलं ते स्वतःच्या कर्तबगारीवर. गोदामाची भिंत मोठी मोठी होत गेली. माझे दोन्ही पाय माझ्या बाजूला ब्रेक शोधत होते, आणि तिथे नुसतं पायपुसणं होतं. भिंतीवरचं ‘गाड्या लावू नयेत’ मला सहज वाचता आलं तेव्हा कुठे मास्तरांचा पाय सुटला आणि गाडी थांबली.



“मी ब्रेक दाबला होता,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, तो ब्रेक नव्हता.”

त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय सरळ, जिथे एकतीस वर्षं होता तिथे. शेजारच्या सीटवर त्या जागी ब्रेक असतो. इथे त्या जागी दुसरंच पेडल होतं. ब्रेक एक वीत डावीकडे होता, आणि डोक्याला ते पाठ होतं. पण दचकल्यावर पाय डोक्याला विचारत बसत नाही. जगात ही चूक फक्त उत्तम शिक्षकच करू शकला असता. एकतीस वर्षांत तो पाय एकदाही चुकला नव्हता, तीच पंचाईत होती.

घरी त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी शिवणकाम करतात, त्यांचा स्वभाव उसवून पुन्हा शिवण्याचा. त्यांनी जेवणाच्या टेबलाखाली मास्तरांच्या उजव्या पायाशी दोन पाट्या ठेवल्या, उजवी ॲक्सिलरेटर आणि डावी ब्रेक. आणि मग न सांगता, केव्हाही, त्यांच्या पाठीमागे पातेल्याचं झाकण खाली टाकायच्या. झाकण वाजलं की पाय डाव्या पाटीवर गेला पाहिजे. साठ झाकणांत एकोणीस वेळा गेला. बाकी वेळा उजवीवरच.

“डावीकडे जात नसेल तर वर उचला,” वहिनी म्हणाल्या. “गाडी आपण होऊन थांबते म्हणता ना? मग घाबरलात की पाय वर. एवढं तरी जमेल?”

एवढं जमलं. वर मात्र तो पाय दर वेळी आला. खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन वर आले तेव्हा दारावरची बेल वाजताच मास्तरांचा पाय वर गेला.

“लग्नाला चौतीस वर्षं झाली,” वहिनी मला म्हणाल्या, “माझ्या हाकेला कधी उठले नाहीत. झाकणाला उठतात.”

परीक्षेच्या आदल्या दुपारी मालकीणबाईंचा मला फोन आला. “काका, तुम्ही रोज शेजारी बसता. खरं सांगा, मास्तर गाडी सांभाळतात ना?”

“अगदी,” मी म्हणालो. फोन ठेवला आणि लगेच वहिनींना फोन करून आणखी दहा झाकणं टाकायला सांगितलं.

परीक्षेत मागच्या सीटवर एक प्रवासी लागतो, भरल्या गाडीत चालक कसा वागतो ते पाहायला. ती भर मी होतो. परीक्षकबाई तिशीच्या, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर काही नाही. त्या मास्तरांच्या जागेवर, शेजारच्या सीटवर बसल्या. मास्तर त्या सीटकडे एकदा पाहून घेतात हे मला आरशात दिसलं.

तीस मिनिटं ते देवासारखे चालवत होते. बाजार, शाळेपुढचा रस्ता, हमरस्ता, बोगदा. सायीसारखा पाय. बाईंचं बोट स्क्रीनवर टिचक्या मारत होतं आणि प्रत्येक टिचकीला माझा जीव खालीवर होत होता. परतीच्या वाटेवर इस्पितळाच्या कोपऱ्यावर आमच्या पुढे एक गाडी लागली, मागे शिकाऊचा फलक. मास्तरांनी सवयीने चार गाड्यांचं अंतर ठेवलं. कोपऱ्यावर ती शिकाऊ गाडी दोन गचके खाऊन जागच्या जागी बंद पडली, आणि त्याच क्षणी आमच्या मागच्या बसने कानठळ्या बसवणारा भोंगा दिला.

मी डोळे मिटले नाहीत, मिटता आले नाहीत. मला फक्त मास्तरांचा उजवा गुडघा दिसत होता. तो खाली जातो की वर येतो, एवढाच प्रश्न जगात उरला होता.  मग गुडघा वर आला, पार स्टिअरिंगला टेकेपर्यंत. गाडी दाबून धरल्यासारखी मंदावत गेली आणि पुढच्या फलकापासून एका हातावर उभी राहिली. मागची बसही थांबली.

कार्यालयाच्या आवारात गाडी लावल्यावर बाई पहिल्यांदा मोकळं बोलल्या. “छान ताबा आहे. कोपऱ्यावर ब्रेक न लावता थांबवलीत, अशी सफाई कमी दिसते.”

इथे मास्तरांनी ‘आभारी आहे’ म्हणून उतरायचं होतं. मी मनातल्या मनात त्यांना ढकलतही होतो.

“ती सफाई नव्हती, बाई,” मास्तर म्हणाले. “दचकलो की माझा उजवा पाय सरळ खाली जातो. शिकवण्याच्या सीटवर तिथे ब्रेक असतो. म्हणून मी पाय वर घेतो. ब्रेकवर नेण्याचा भरवसा नाही.”

बाईंचं बोट थांबलं. “आणि पाय वर घेऊन भागलं नसतं तर?”

मास्तरांनी खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

मला राहवलं नाही. “मॅडम, पण शिकवताना ते या सीटवर बसणारच नाहीत. तुमच्या सीटवर बसतील. तिथे तो पाय बरोबर जागी पडतो. एकतीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही.”

“मला पटतंय,” त्या म्हणाल्या. “पण परीक्षा या सीटची आहे.”

“राजे, गप्प बसा,” मास्तर म्हणाले. “त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.” मग बाईंकडे वळून, “तुम्ही लिहा. मी चार हजार लोकांना सांगितलं आहे, परीक्षकापासून लपवायचं नाही.”

घरी जाताना गाडी मी चालवली. मास्तर शेजारी बसले, आणि वाटेतल्या दोन्ही सिग्नलना त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर बरोबर जागी, बरोबर वेळी दाबला गेला.

निकाल मंगळवारी आला. मास्तर नापास झाले. जुन्या गाड्या महिनाअखेरीला भंगारात गेल्या, पण मालकीणबाईंनी मास्तरांना रिकामं ठेवलं नाही; ते आता शाळेच्या ऑफिसात दहा ते पाच लेखी परीक्षेतली रस्त्याची चिन्हं शिकवतात.