मामू पडले तो शॉट

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही — बायकोपाशीही नाही. तुला सांगतोय, कारण तू मामूंना ओळखत नाहीस.

कतारमध्ये मेसईदच्या पुढे वाळूच्या टेकड्यांत एका पिक्चरचं शूटिंग होतं. दिग्दर्शक ऑस्ट्रेलियन, पैसा अमेरिकन. आणि युद्धातून पळणारी गर्दी? ती आपल्या कामगारांची, आमच्या कंपनीच्या बसमधून आणलेली. माणसं जमवायची आणि साहेबाचं इंग्रजी त्यांना हिंदीत सांगायचं, हे माझं काम. हनीफमामू माझ्या आईचे सख्खे भाऊ, त्याच कंपनीत फिटर. मला कतार दाखवलं ते त्यांनीच. मीच म्हटलं, चला मामू, पडद्यावर दिसाल.

रमजान चालू होता. दिग्दर्शक भला माणूस. मला म्हणाला, ज्यांचा रोजा आहे त्यांनी पळायचं नाही, सावलीत बसायचं, सगळ्यांना सांग. मी काय सांगितलं? ‘यल्ला, चला, सगळे उभे राहा.’ अर्धी गर्दी बसली असती तर पुढच्या कामाला मला कोण विचारणार होतं? आणि मी स्वतः — आता लपवून काय करू — व्हॅनमागे जाऊन पाणी पिऊन आलो होतो.

दुसऱ्या टेकनंतर मामू जवळ आले. ‘गरगरतंय रे. बसू काय?’

मी म्हटलं, ‘एकच राहिलाय, मामू.’

त्या एकात ते टेकडीवरून कोसळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं अभिनय. युनिटचा डॉक्टर समोरच उभा होता — पण तो रोज्याचं विचारेल, माझं बिंग फुटेल, म्हणून मी मामूंना गुपचूप गाडीत घातलं आणि रूमवर नेलं. तोंड वाकडं झालेलं मला दिसत होतं. दिसत होतं रे. तरी हॉस्पिटल गाठलं ते इफ्तारनंतर.

घरी फोनवर सांगितलं, रूमवर पडले.

आता ते रत्नागिरीला खाटेवर असतात. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पिक्चरमध्ये तो शॉट ठेवलाय. मी सुट्टीवर गेलो की मामी आल्यागेल्याला मोबाईलवर दाखवते — बघा, किती हुबेहूब पडलेत. मामू मोबाईल बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर बसतो? बसतो खरा.

मागच्या खेपेला मामीनं कौतुकानं विचारलं, ‘असं पडायला त्यांना तूच शिकवलंस ना?’

मी हो म्हणालो.