गुंडुरावची दिल्लीतली अमावास्या

“अमावास्या होती, अष्टे, एवढंच. त्या दिवशी मी मशीनला हात लावत नाही, पार्लमेंटला कसा लावू?” गुंडुराव सुईत दोरा ओवत म्हणाला.

“अय्यो भावोजी, पार्लमेंट काय तुमच्या बापाचं दुकान होय, फळ्या लावून बसायला?” मेव्हणा गुरुराव करवादला. “पार्टीवाले आज उमेदवार ठरवतात. हुणसूरचे लोक तिथं जाऊन बसलेत. चुकलं म्हणून या जा.”

“चुकलं कसं म्हणू? माझा रंगारी आजा त्या दिवशी रंगाची कढई चढवत नव्हता.”

म्हणाला खरा, पण तिकीट परत हवं होतं. सकाळपासून एकच बाही लावत होता आणि उसवत होता.

देवराज मोहल्ल्यातला हा शिंपी खासदार झाला तो भांडणामुळं. मैसुरातल्या दोन बड्या पुढाऱ्यांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. दोघांचेही कोट शिवणारा आणि दोघांच्याही शिव्या पोटात ठेवणारा माणूस हा एकच. तो गेला दिल्लीला. पाच वर्षं मागल्या बाकावर बसला. सभागृहानं त्याचा आवाज ऐकला तो खोकल्याचा.

एकदाच नशीब उघडलं. हुणसूरच्या तंबाखूवाल्यांनी मानगुटीवर बसून प्रश्न लिहून घेतला: पानं सुकवायच्या भट्ट्यांना कोळशाच्या वाघिणी कधी मिळणार? चिठ्ठीत तो पहिलाच निघाला, आणि दिवस निघाला अमावास्येचा. नाव पुकारल्यावर माणूस हजर नसला की प्रश्न गेला. नाव पुकारलं तेव्हा खासदारसाहेब क्वार्टरात देवीपुढं उदबत्ती ओवाळत होते. कोळसा आलाच नाही, त्या साली हुणसूरची निम्मी तंबाखू उकिरड्यावर गेली.

दुपार कलल्यावर पार्टीतले चामराजपुरमचे वकील हयग्रीवराव दुकानाची पायरी चढले. तोंडभर हसू होतं, त्यावरूनच कळायचं ते कळलं.

“गुंडुराव, मनाला लावून घेऊ नका. हुणसूरवाले तुमच्यावर रागावले नाहीत. अमावास्येला भट्टी तेही पेटवत नाहीत म्हणे.”

“मग?”

“म्हणाले, आम्ही पाळतो ते ठीक. आमच्या खासदारानं पाळायचं कारण नाही.” वकिलांनी घसा साफ केला. “मी काही पाळत नाही. तेव्हा तिकीट मला मिळालं. एक बंद गळ्याचा कोट हवा होता. सोमवारी.”

गुरुरावनं मान फिरवली. गुंडुरावनं वकिलांच्या पोटाकडं बघितलं.

“सोमवारी होत नाही, अमावास्या आहे,” तो म्हणाला. “गुरुवारी या. श्वास सोडा आता, असं पोट आत धरून माप येत नाही.”

आणि त्यानं गळ्यातली टेप काढली.